नव्या छावणीत आलेल्या शिपायाला खोली कोण दाखवायचं?

अमेरिकी लष्करात सैनिकाची बदली झाली की नव्या तळावरचा एक जण त्याच्या मदतीसाठी नेमून देतात. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. सैनिक निघायच्या आधीच हा माणूस त्याला कळवतो : घर कुठे मिळेल, मुलांची शाळा कोणती, पहिल्या दिवशी कुणाला भेटायचं. या सगळ्याचे लेखी नियम आहेत, फॉर्म आहेत. उद्या कुणाला त्यावर पीएचडी करायची झाली तर कागद तयार आहेत.

आता हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या सोलापूरला विचारून बघा. मुंबई इलाख्याच्या फौजेतली एक पलटण बदलून सोलापूर छावणीत आली. शिपायाबरोबर बायको आहे, दोन पोरं आहेत, एक म्हातारी आई आहे. त्यांना खोली कोण दाखवतं? पहिल्या संध्याकाळचं पीठ कुठून येतं? असा माणूस नेमावा असा नियम शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि तिथेच आपल्यातले बरेच जण विषय सोडून देतात. मदत तर झालीच असणार, नाहीतर बिऱ्हाडं वसलीच नसती. मग ती कुठल्या नावाखाली नोंदली गेली, एवढंच शोधायचं उरतं.

आधी गावाकडेच बघा. मे १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने सोलापूर घेतलं, आणि पुढे इथे इंग्रजांची छावणी बसली. ती छावणी आज नाही, पण 'लष्कर' आणि 'सदर बझार' ही नावं सोलापूरकराच्या तोंडात रोज असतात. रिक्षावाल्याला सांगा, तो नेऊन सोडेल. (एक सावधगिरी : स्थळनाम हा पुरावा म्हणून वापरू नका, प्रश्न म्हणून वापरा. नावं सरकतात, वाढतात, शेजारच्या वस्तीला चिकटतात.)

सदर बझार हा शब्द जरा उलगडून बघू, कारण त्यात अर्धं उत्तर आहे. छावणीत दोन प्रकारचे बाजार असायचे. एक सदर बाजार, तो छावणीचा, जागेवर कायम. दुसरा पलटणीचा स्वतःचा बाजार. यातले वाणी, शिंपी, परीट, भिस्ती पलटणीबरोबरच हलायचे. पलटण नव्या गावी आली की शिपायाला गाव अनोळखी असे, पण उधार देणारा वाणी ओळखीचाच असे. गावात काय कुठे मिळतं, कुणाचा भाव काय, विहीर कुठली गोडी आणि कुठली मचूळ, हे मात्र सदर बाजारवाल्यांना ठाऊक. म्हणजे आज एका स्पॉन्सरकडून अपेक्षित असलेलं काम इथे दोन बाजारांत वाटलं गेलं होतं, आणि त्याचा मोबदला उधारीच्या व्याजात वसूल होत होता. हे विसरू नका. मदत आणि कर्ज एकाच वहीत होतं.

खोलीचं काय? देशी पलटणींच्या लाइनीतल्या झोपड्या बराच काळ शिपाई स्वतःच बांधायचे. त्यासाठी सरकार भत्ता द्यायचं, कागदांत तो 'हटिंग मनी' म्हणून सापडतो. पलटण हलली की झोपड्या मागे राहायच्या आणि बऱ्याच ठिकाणी जाणारी पलटण येणाऱ्या पलटणीकडे त्या किंमत ठरवून सोपवायची. जाणाऱ्याला झटपट पैसे हवेत, येणाऱ्याला पावसाआधी छप्पर हवं. या व्यवहारात घासाघीस होणार, तक्रारी होणार, आणि तक्रार झाली की कागद तयार होतो. अभिलेखागारात लष्करी खात्याची सूची चाळताना 'मदत', 'कुटुंब' असले शब्द शोधू नका. 'हटिंग', 'लाइन्स', 'बाजार' हे शोधा. एक लक्षात असू द्या, जुन्या इंग्रजी कागदांत सोलापूर 'शोलापूर' असं येतं, आणि मेडोज टेलरचं शोरापूर हे वेगळं गाव आहे, आजच्या कर्नाटकातलं. घाईत नोटा काढताना दोन्ही एक होऊन जातात.

पण बाजार आणि झोपडी एवढ्यावर माणूस वसत नाही. तिसरी गोष्ट होती नात्याची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात जड होती. मुंबई फौजेच्या कंपन्या बराच काळ मिश्र होत्या. मराठा, महार, मुसलमान, परदेशी असे एकाच कंपनीत असायचे, आणि महार शिपाई हवालदार, सुभेदार होऊ शकायचा. रंगरूट बहुतेक वेळा आपल्याच गावच्या, आपल्याच भावकीतल्या शिपायाच्या मागोमाग यायचा. मग नव्या छावणीत पोचल्यावर कुणीतरी 'काका' किंवा 'मामा' आधीच असे. नोकरी त्याने लावलेली, चूल त्याच्याच शेजारी मांडायची. तो भांडणात मध्ये पडायचा, लग्नंही जुळवायचा.

सोलापूरच्या कागदांत या नात्यांना तोंड मिळत नाही. गॅझेटिअरच्या १८८४ च्या सोलापूर खंडात गावाची, छावणीची माहिती आहे, पण तो लिहिणाऱ्यांनी शिपायाच्या घरात डोकावलेलं नाही. म्हणून शेजारच्या जिल्ह्यात, साताऱ्याला जाऊ. तिथे एका लष्करी कुटुंबाची कहाणी आपल्याला नीट माहीत आहे.

रामजी सकपाळ, मूळ आंबडव्याचे, सैन्यात सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचे वडील मालोजी सैन्यात होते. पत्नी भीमाबाई, माहेर मुरबाडकरांचं, तेही लष्करातलंच घराणं. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला भीमरावांचा जन्म झाला. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आलं, ज्याला लोक अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात आणि जिथे महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. मग सातारा. महू, दापोली, सातारा हा नकाशा हातात घेऊन बघा. कोकणातल्या एका कुटुंबाने मध्य भारतापासून साताऱ्यापर्यंत बिऱ्हाड हलवलं, आणि प्रत्येक टप्प्यावर छावणी किंवा पेन्शनरांची वस्ती होती.

आता १९०१ सालचा प्रसंग. रामजी सातारा जिल्ह्यातच बाहेरगावी रोखपाल होते. मुलं त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कुणीच नव्हतं. पत्र पाठवलं होतं, पण रामजींच्या शिपायाने ते वेळेवर त्यांच्या हातात दिलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी चौकशी केली, जात कळल्यावर मागे सरला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण आला. वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी पुढे स्वतः हे लिहून ठेवलंय. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा अनुभव म्हणून वाचतो, तो तसा आहेच. पण तुम्ही तो स्थलांतराच्या इतिहासाचा कागद म्हणूनही वाचा. छावणीपासून छावणीपर्यंत ज्यांना साखळी होती, त्याच घरातली मुलं साखळीबाहेरच्या एका स्टेशनवर उतरली, आणि एक पत्र चुकल्यावर त्यांच्याकडे काहीच उरलं नाही.

इथून माझा मुद्दा सुरू होतो. १८९२-९३ मध्ये मुंबई फौजेत जातवार कंपन्या आल्या आणि महारांची भरती बंद झाली. याचं नुकसान मोजताना आपण नोकऱ्या मोजतो, पगार मोजतो. भरती थांबली की दहा-पंधरा वर्षांत लाइनीतले काका-मामा पेन्शनीवर निघून जातात. मग नव्या पोराला छावणीचं दार उघडून देणारं आत कुणी राहत नाही. छावणीतली शाळाही हातची जाते. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून सैन्यभरती पुन्हा मागितली. तो अर्ज या अंगाने वाचून बघा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. चार वर्षांत असं जाळं विणलं जात नाही. त्यानंतर थेट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

सोलापूरवर काम करणाऱ्याला यातून एक खरा प्रबंध मिळू शकतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं सोलापूरला वसणं अभ्यासकांनी पाहिलंय, गिरणीत माणसं आणणाऱ्या जॉबरांबद्दलही वाचायला मिळतं. छावणीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेल्या शिपायांचं मात्र कुणी धरलेलं नाही असं मला वाटतं. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि छावणी तेव्हाही शहराला लागूनच होती. पेन्शनर सुभेदाराच्या ओळखीने गिरणीत किती पोरं लागली असतील? पेन्शनच्या नोंदी, गिरण्यांची हजेरीपुस्तकं आणि सदर बझारच्या जुन्या घरांचे सिटी सर्व्हेचे उतारे एकमेकांशेजारी ठेवायचे. काम वेळखाऊ आहे. उताऱ्यांपासून सुरुवात केलीत तर निदान नावं तरी लवकर हाती येतील.