भोर-वेल्ह्यातील भातशेती : आंबेमोहर ते इंद्रायणी

भोर व वेल्हे (नामांतरानंतर राजगड) या डोंगरी तालुक्यांचा कृषी-इतिहास हा प्रामुख्याने भातखाचरांचा इतिहास होय. या खाचरांत आंबेमोहराची प्रतिष्ठा मोठी होती. आंब्याच्या मोहोरासारख्या सुगंधामुळे त्यास हे नाव मिळाले. मात्र उंच वाढीमुळे पीक पावसावाऱ्यात लोळे आणि उत्पन्नही बेताचेच येई.

१९६६ मध्ये फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे बुटके वाण प्रसारित केले. ते खताला प्रतिसाद देणारे, न लोळणारे व भरघोस उताऱ्याचे; परंतु दाणा जाडाभरडा आणि सुगंधहीन. मावळपट्ट्यात भात केवळ विक्रीसाठी नव्हे, घरच्या ताटासाठीही पिकतो. तेथे चव गौण ठरणे शक्य नव्हते. आंबेमोहर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने विकसित केलेले इंद्रायणी हे वाण १९८७ मध्ये प्रसारित झाले. मावळातूनच वाहणाऱ्या नदीचे हे नाव.

संशोधक वाणांची तुलना मुख्यतः हेक्टरी उताऱ्यावर करतात. शेतकऱ्याचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा असतो : गुरांना पेंढा किती मिळेल, परतीच्या पावसाआधी कापणी होईल काय, शिजलेला भात घरात रुचेल काय? इंद्रायणीचा मऊ, चिकटसर भात रुचला, बाजारातही खपला. सुगंध मात्र आंबेमोहराच्या तुलनेत सौम्यच राहिला. उताऱ्याच्या तक्त्यात या उणिवेसाठी रकानाच नसतो. आंबेमोहराची खाचरे मात्र आक्रसत गेली.