‘ब्लॅक मिरर’चा तिसरा सीझन: कोणत्या भागाला किती गुण, आणि हे गुण ठरतात तरी कसे?

एक बाई विमानतळावर उभी आहे. तिची फ्लाइट रद्द झाली आहे. दुसऱ्या फ्लाइटमध्ये सीट आहे, पण ती फक्त ४.२ किंवा त्याहून जास्त रेटिंग असलेल्यांसाठी. तिचं रेटिंग काही वेळापूर्वी ४.२ होतं. पण घरातून निघताना भावाशी भांडण झालं, रस्त्यात एकीला धक्का लागला, टॅक्सीवाला वैतागला आणि आकडा थोडासा घसरला. ती काउंटरवर आवाज चढवते. सुरक्षारक्षक येतो आणि चोवीस तासांसाठी तिचा एक अख्खा गुण कापून टाकतो. वर सांगतो, या काळात मिळालेलं प्रत्येक वाईट रेटिंग दुप्पट धरलं जाईल.

हा आहे ‘नोजडाइव्ह’, ‘ब्लॅक मिरर’ या ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा पहिला भाग. गंमत अशी की माणसांना तारे देणाऱ्या जगावरची ही गोष्ट संपली की आपण पहिली गोष्ट काय करतो? फोन काढतो आणि तिला दहापैकी किती मिळालेत ते बघतो.

हा सीझन नेटफ्लिक्सवर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी आला. सहा भाग, प्रत्येकाची गोष्ट वेगळी, कलाकार वेगळे, दिग्दर्शक वेगळा. त्यामुळे ‘सीझन कसा आहे?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. भागागणिक गुण द्यावे लागतात. आणि तिथेच वाद सुरू होतात.

(पुढे काही भागांचे शेवट सांगितले आहेत. सीझन बघायचा बाकी असेल तर आधी बघून या.)

हा सीझन वेगळा का?

चार्ली ब्रूकर यांनी तयार केलेली ही मालिका २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनल ४’वर सुरू झाली. पहिल्या दोन सीझनमध्ये प्रत्येकी तीनच भाग होते, आणि २०१४ मध्ये ‘व्हाइट ख्रिसमस’ हा एक विशेष भाग आला. नंतर नेटफ्लिक्सने एकदम बारा भागांची ऑर्डर दिली. त्यातले सहा म्हणजे हा तिसरा सीझन आणि उरलेले सहा चौथा.

बजेट वाढलं, अमेरिकन चेहरे आले, भागांची लांबीही मोकळी झाली. ‘शट अप अँड डान्स’ ५२ मिनिटांचा, तर ‘हेटेड इन द नेशन’ तब्बल ८९ मिनिटांचा, म्हणजे जवळपास सिनेमाच. आता ५२ मिनिटांची गोष्ट आणि दीड तासाची गोष्ट एकाच तराजूत कशी तोलायची? बहुतेक लोक तोलतात मात्र बिनधास्त.

आधी एक घोळ मिटवूया: रेटिंग म्हणजे टीआरपी नव्हे

मराठीत ‘मालिकेचं रेटिंग’ म्हटलं की डोक्यात टीआरपी येतो. दर आठवड्याला कोणती मालिका एक नंबरला, कोणती घसरली वगैरे. टीआरपी फक्त किती लोकांनी बघितलं हे सांगतो. त्यांना आवडलं का, याच्याशी त्याचा संबंध नाही. घरात टीव्ही चालू आहे आणि सगळे जेवतायत, तरी तो मोजला जातो.

इथे विषय दुसऱ्या रेटिंगचा आहे, बघून झाल्यावर दिलेल्या गुणांचा. त्यातही सगळे आकडे एकसारखे नसतात.

आयएमडीबीवर कोणीही खातं उघडून १ ते १० गुण देऊ शकतं. पण तिथे दिसणारा आकडा म्हणजे सगळ्या मतांची साधी सरासरी नव्हे. आयएमडीबी मतांना वजन देऊन सरासरी काढते आणि हे वजन नेमकं कसं ठरतं, ते मुद्दाम उघड करत नाही. कारण सरळ आहे, सूत्र कळलं की लोक ते वाकवणार.

रॉटन टोमॅटोजची टक्केवारी हा तर अनेकांचा कायमचा गैरसमज. तिथे ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत ‘एकंदरीत चांगलं’ होतं, इतकाच त्याचा अर्थ. समजा दहा समीक्षकांनी लिहिलं, ‘ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही.’ तरी टक्केवारी शंभर. आणि एखादी कलाकृती सहा जणांना जबरदस्त वाटली, चौघांना अजिबात नाही, तर ती साठवर. यातलं काय बघायला जास्त मजा येईल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

अजून एक भानगड म्हणजे आपल्या डोक्यातली मोजपट्टी. शाळेत ३५ टक्क्यांना पास होण्याची सवय असलेले आपणही ऑनलाइन गुण देताना ६ ला ‘बेकार’ समजतो. ३, ४, ५ हे आकडे जवळपास कोणी वापरतच नाही. आवडलं तर ९-१०, राग आला तर सरळ १. त्यामुळे ८.५ आणि ७.६ या आकड्यांमध्ये दिसायला एकाच गुणाचा फरक असला, तरी यादीत ती दरी मोठी असते.

सगळ्यांचा लाडका: ‘सॅन जुनिपेरो’

या सीझनमधला कोणता भाग सर्वोत्तम, यावर प्रेक्षक आणि समीक्षक बऱ्यापैकी एकमत आहेत. १९८७ सालचा समुद्रकाठ, डिस्को, व्हिडिओ गेम आणि दोन मुली: बुजरी यॉर्की आणि बिनधास्त केली. मॅकेन्झी डेव्हिस आणि गुगू म्बाथा-रॉ यांनी या भूमिका केल्या आहेत. अर्धा भाग उलटल्यावर उलगडतं की हे शहर खरं नाही. म्हातारी आणि मरणपंथाला लागलेली माणसं इथे आठवड्यातून पाच तास तरुण होऊन येतात. मेल्यावर कायमचं राहायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

२०१७ मध्ये या भागाने दोन एमी पुरस्कार पटकावले, सर्वोत्कृष्ट टेलिव्हिजन चित्रपट आणि लेखन. एका मालिकेच्या एका भागाला ‘चित्रपट’ म्हणून पुरस्कार, हेही विशेषच.

लोक याला ‘ब्लॅक मिररचा सुखांत भाग’ म्हणतात. पण नीट बघितलं तर केलीचा नवरा तिच्यासोबत ४९ वर्षं संसार करून गेला आणि त्याने या शहरात यायला नकार दिला, कारण त्यांची मुलगी तिथे येऊ शकली नव्हती. केली शेवटी यॉर्कीकडे जाते म्हणजे त्या दोघांना सोडून जाते. शेवटच्या दृश्यात गाणं वाजतं, दोघी नाचतात आणि मध्येच कॅमेरा सर्व्हरच्या खोलीत जातो, जिथे यंत्राचे हात लुकलुकणाऱ्या बटणांची देखभाल करतायत. आनंद मानायचा की अंगावर काटा यावा? दोन्ही होतं. दहापैकी ९.५. अर्धा गुण फक्त यासाठी कापला की पहिली वीस मिनिटं जरा रेंगाळतात.

‘नोजडाइव्ह’: हसवता हसवता

जो राइट यांचं दिग्दर्शन, मायकेल शूर आणि रशिदा जोन्स यांची पटकथा. हे दोघेही विनोदी मालिकांमधले. म्हणून इथे भीतीपेक्षा उपरोध जास्त आहे. सगळं फिकट गुलाबी, आकाशी. ब्राइस डॅलस हॉवर्डचं आरशासमोर हसण्याची प्रॅक्टिस करणं बघून हसू येतं आणि मग आठवतं की सेल्फी काढताना आपण वेगळं काही करत नाही.

लेसीला हव्या असलेल्या घरावर सवलत मिळायला ४.५ रेटिंग लागतं. तेवढ्यासाठी ती बालपणीच्या एका नावडत्या मैत्रिणीच्या लग्नाला निघते. वाटेत तिला एक ट्रकवाली भेटते, रेटिंग १.४. तिच्या नवऱ्याला कॅन्सर होता, त्याचं रेटिंग ४.३. उपचार मिळाले ४.४ वाल्याला. हा प्रसंग दोन-तीन मिनिटांचाच, पण पूर्ण भाग त्यावर उभा आहे.

हे फार दूरचं वाटत असेल, तर २०१५ मध्ये ‘पीपल’ नावाच्या एका ॲपची घोषणा झाली होती. ओळखीच्या माणसांना तारे देण्यासाठी. इतका गदारोळ झाला की पुढच्या वर्षी ते बरंच सौम्य होऊन आलं. आणि पुण्या-मुंबईत कॅबमधून उतरताना ‘सर, फाइव्ह स्टार द्या ना’ हे वाक्य ऐकलं नसेल असा माणूस सापडणार नाही. आपल्यासाठी तो एक टॅप असतो. त्या चालकाला पुढे काम मिळतं की नाही, हे त्यावर अवलंबून असू शकतं. ‘नोजडाइव्ह’ शेवटाकडे जरा लांबतो, लग्नातलं भाषण अपेक्षित वळणावरच जातं. तरी ८.५.

शेवटच्या पाच मिनिटांचे गुण

‘शट अप अँड डान्स’मध्ये लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी केनी या मुलाचा व्हिडिओ चोरतं आणि त्याला ब्लॅकमेल करून पळवत राहतं. ॲलेक्स लॉथरचं काम इतकं खरं की आपणही त्याच्यासोबत घाम पुसतो. शेवटी कळतं, तो लहान मुलांचे फोटो बघत होता. आतापर्यंत ज्याची दया आली, त्याचीच किळस येते.

यावर दहापैकी १० देणारे खूप आहेत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी मांडलेला एक नियम इथे लागू पडतो. एखाद्या अनुभवाचा सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट आपल्या लक्षात राहतो, मधलं पुसट होतं. म्हणजे शेवट दणकेबाज असेल तर आधीची चाळीस मिनिटं आपोआप चांगली वाटू लागतात. हा भाग दुसऱ्यांदा बघितला की मधला बँकेचा प्रसंग ओढून आणल्यासारखा वाटतो. शिवाय हे छळ करणारे लोक कोण, त्यांना काय हवंय, याकडे कथा बघतच नाही. ७.५.

‘प्लेटेस्ट’ला हाच नियम उलटा बसतो. हॉरर गेमची चाचणी द्यायला गेलेल्या कूपरची गोष्ट छान घाबरवते, पण शेवटी स्वप्नात स्वप्न, त्यात आणखी एक, असं होत राहतं. खरा शेवट मात्र वाईट चटका देतो: आईचा फोन येतो आणि ०.०४ सेकंदात सगळं संपतं. पण तोवर प्रेक्षकाचा विश्वास उडालेला असतो. ६.५.

सर्वांत कमी गुण, पण का?

सहा भागांत आयएमडीबीवर तळाला आहे ‘मेन अगेन्स्ट फायर’. सैनिकांच्या डोक्यात एक चिप बसवलेली असते. तिच्यामुळे त्यांना शत्रू राक्षसासारखे दिसतात, म्हणून गोळी घालताना हात थरथरत नाही. एकाची चिप बिघडते आणि त्याला समोर साधी, घाबरलेली माणसं दिसू लागतात.

तक्रार एकच, ‘हे आधीच कळलं होतं.’ खरं आहे, पंधराव्या मिनिटाला अंदाज येतो. पण ज्या मालिकेची ओळखच धक्क्यांची, तिथे धक्का ओळखता आला की लोक थेट दोन गुण कापतात. या भागाचं खरं बळ शेवटाच्या आधीच्या संवादात आहे. मानसोपचारतज्ज्ञ त्या सैनिकाला दाखवतो की चिप बसवायला त्याने स्वतःच संमती दिली होती. भागाचं नाव अमेरिकन लेखक एस. एल. ए. मार्शल यांच्या १९४७ च्या पुस्तकावरून घेतलंय. दुसऱ्या महायुद्धात बहुसंख्य सैनिकांनी शत्रूवर गोळीच झाडली नाही, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या आकड्यांवर इतिहासकारांनी नंतर शंका घेतल्या. पण माणसाला माणूस मारायला लावायचं तर आधी समोरच्याला ‘किडा’ म्हणायला शिकवावं लागतं, हे समजायला त्या आकड्यांची गरज नाही. कमेंट सेक्शन पुरेसा आहे. कमी रेटिंग बघून हा भाग गाळू नका. ८.

उरला ‘हेटेड इन द नेशन’. हॅशटॅगवर ज्याला सर्वाधिक शिव्या, तो संध्याकाळी मरतो. मारणाऱ्या असतात यांत्रिक मधमाश्या. पोलीस तपासाच्या अंगाने जाणारी गोष्ट मध्ये सुस्तावते, वीसेक मिनिटं सहज कापता आली असती. पण शेवटी कळतं की खरं लक्ष्य ते हॅशटॅग वापरणारेच होते. पावणेचार लाखांहून जास्त लोक, ज्यांनी ‘गंमत म्हणून’ ट्वीट केलं. ८.

एक गुण देणाऱ्यांचं काय?

भाग न बघताच १ देण्याचे प्रकारही सर्रास होतात. जानेवारी २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’च्या तिसऱ्या भागावर आयएमडीबीवर एक-एक गुणांचा मारा झाला. त्यात दोन पुरुषांची प्रेमकथा होती, एवढंच कारण. त्याच भागासाठी पुढे निक ऑफरमन यांना एमी मिळाला. अशा वेळी सरासरी बघण्यापेक्षा कोणत्या आकड्याला किती मतं पडलीत, तो तक्ता उघडून बघावा. १० आणि १ या दोन्ही टोकांना डोंगर आणि मध्ये दरी असेल, तर भांडण भागाच्या दर्जावरून नाही.

नेटफ्लिक्सने तर एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे ‘नोजडाइव्ह’ आल्यावर सहाच महिन्यांत, स्वतःचे पंचतारे काढून टाकले आणि अंगठा वर किंवा खाली एवढंच ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं की लोक गंभीर माहितीपटांना पाच तारे देतात आणि रात्री बघतात मात्र हलकीफुलकी कॉमेडी. २०२२ मध्ये मग दोन अंगठ्यांचं बटण आलं, ‘आवडलं’ आणि ‘फारच आवडलं’ यात फरक करता यावा म्हणून.

पहिल्यांदाच बघणार असाल तर दिलेल्या क्रमाने जायची गरज नाही, कारण भाग एकमेकांना जोडलेले नाहीत. ‘नोजडाइव्ह’ने सुरुवात करा, मग ‘मेन अगेन्स्ट फायर’. ‘शट अप अँड डान्स’ रात्री झोपण्याआधी टाळा. ‘सॅन जुनिपेरो’ सर्वांत शेवटी ठेवा. आणि ‘हेटेड इन द नेशन’साठी सुट्टीची दुपार काढा, तो एका दमातच बघायचा.