स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर घरी काय सांभाळायचं?

ऑपरेशन नीट पार पडतं, दोन-चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि घरचे अल्हम्दुलिल्लाह म्हणून सुटकेचा श्वास घेतात. खरी धांदल उडते ती घरी आल्यावर. काखेजवळून निघालेली नळी, तिला लावलेली डबी, हलवावा की नाही कळत नाही असा हात आणि दारात अयादतला आलेले पाहुणे. आमच्या मोठ्या आपांचं ऑपरेशन झालं तेव्हा हे सगळं आम्ही चुकत-माकत शिकलो. इतर घरांना तितकं चुकावं लागू नये म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात त्या नळीपासून. जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायला ती असते. पहिले एक-दोन दिवस पाणी लालसर येतं, मग गुलाबी, मग पिवळट. घाबरायचं कारण नाही. डबी रोज ठरलेल्या वेळी, साबणाने हात धुऊन रिकामी करायची आणि किती मिली पाणी आलं ते तारखेसह वहीत लिहायचं. दोन नळ्या असतील तर दोन रकाने. आपांच्या डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने डबी पाच मिनिटांत दाखवली आणि गेल्या. घरी आम्ही डबी रिकामी करून झाकण तसंच लावून टाकायचो. डबी दाबून, आतली हवा काढून मग झाकण लावलं तरच ती पाणी ओढते, हे तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर काखेत पाणी साचून फुगवटा आला होता. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी घरच्या एकाने तरी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने डबी एकदा रिकामी करून दाखवावी.

24 तासांत येणारं पाणी साधारण 30 मिलीच्या खाली आलं आणि सलग दोन दिवस तसंच राहिलं की नळी काढतात. प्रत्येक डॉक्टरांचा आकडा थोडा वेगळा असतो. बहुतेकांची नळी एक-दोन आठवड्यांत निघते. तोवर जुन्या ओढणीची छोटी पिशवी शिवून गळ्यात अडकवली की डबी लोंबत नाही, नळी ओढली जात नाही. कपडे पुढून बटणं असलेले घ्या, मॅक्सी चालते. डोक्यावरून घालायचा कुर्ता काही दिवस कपाटातच राहू द्या.

आता हाताचं. आपल्याकडे एक समज पक्का आहे: ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात हलवायचाच नाही, टाके तुटतील. महिनाभर हात छातीशी धरून बसलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. मग खांदा जाम होतो. पुढे रेडिएशन घ्यायचं असेल तर हात डोक्याच्या वर नेऊन झोपावं लागतं आणि जाम खांदा तिथे नडतो. म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच मऊ चेंडू दाबणं, कोपर वाकवणं-सरळ करणं, त्याच हाताने केस विंचरणं सुरू करायचं. नळी असेपर्यंत हात सहसा खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत. ती निघाली की भिंतीकडे तोंड करून बोटांनी हळूहळू वर चढायचं आणि जिथवर पोचलो तिथे पेन्सिलने खूण करायची. आपांची खूण रोज बोटभर वर सरकायची आणि घरातली पोरं मोजायला धावायची. ताण जाणवला तर चालेल, कळ येऊ लागली तर थांबायचं. काखेतून कोपराकडे दोरीसारखा ताठ पट्टा जाणवला तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, तो बहुतेकदा व्यायामाने सुटतो. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो तो तिथल्या नसेमुळे, काहींना कायमचा राहतो.

वजन मात्र उचलायचं नाही. भरलेली 15 लिटरची बादली म्हणजे 15 किलो. कुकर, पाण्याचा हंडा, कडेवर नातू, कणकेची परात, सगळं काही आठवडे दुसऱ्यांकडे. इथे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी उठायला हवं. बाई स्वतःहून सांगत नाही.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर पुढे हाताला सूज येऊ शकते, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. त्या बाजूला घट्ट बांगड्या, अंगठी नको. रक्त काढणं, सुई, बीपी शक्यतो दुसऱ्या हाताला. चिरताना सुरी लागली, तव्याचा चटका बसला तर लगेच धुऊन मलम लावा.

वजू आणि नमाजचं विचारणारे पुष्कळ. पट्टीवर पाणी घालायचं नाही. पट्टीवरून ओला हात फिरवायची, म्हणजे मसहची, सवलत आहे. सजद्यात हातावर भार येतो, तेव्हा बसून, इशाऱ्याने नमाज अदा करता येते. रमजान आला तर आजाऱ्याला रोजे नंतर कजा करण्याची मुभा आहेच. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारा, पण पट्टी भिजवू नका.

जेवणात परहेजचा अतिरेक नको. अंडं-गोश्त खाल्लं की जखम पिकते, हे खरं नाही. जखम भरायला प्रोटीन लागतं: अंडी, मासे, कोंबडी, डाळ, दही. जखम रेंगाळते ती साखर वाढलेली असली तर. डायबेटिस असेल तर साखर रोज तपासा.

100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, जखमेभोवती वाढती लाली, पू किंवा वास, अचानक भरपूर लाल रक्त, नळी निसटणं, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात फोन करायचा. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर फोनवरही वेळ घालवू नका, थेट तिथेच जा.

पाहुण्यांचं काय? अयादत सवाबचं काम, पण दहा मिनिटांची. “पूरा निकाल दिया क्या?” हा प्रश्न आपांना एका दुपारी चार जणींनी विचारला. त्यानंतर आम्ही पाहुण्यांना बाहेरच्या खोलीतच बसवू लागलो. स्तन पूर्ण काढला असेल तर आरशासमोर पहिल्यांदा उभं राहणं ज्या दिवशी बाईला जमेल त्या दिवशी होऊ द्या, कुणी घाई करू नये. जखम भरेपर्यंत ब्रामध्ये कापसाची मऊ गादी चालते, नंतर सिलिकॉनची मिळते.

काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की गाठी किती होत्या, कडा साफ आहेत का आणि ईआर, पीआर, हर-टू काय आले, हे डॉक्टरांना विचारून त्याच वहीत लिहा. केमो, रेडिएशन की गोळ्या हे त्यावरच ठरतं. वहीची मागची पानं त्यासाठी कोरी ठेवा आणि प्रत्येक भेटीला वही सोबत न्या.