साखळी ओली, पट्टा कोरडा

जुन्या फियाटचे इंजिन ज्यांनी उघडलेले पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल की तिचा कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या पोटात असतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकल्या गेलेल्या गाडीचे 1089 सीसीचे इंजिन याच घाटणीचे. कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी ऑइलमध्येच चालते. त्यामुळे कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला वेगळे सील लागत नाही. झाकणातून बाहेर डोकावतो तो क्रँकशाफ्ट, सील त्याला.

सील म्हटले की आपल्याला रबर आठवते. मूळ मात्र चामड्यात आहे. जर्मनीतील वाइनहाइमची फ्रॉयडेनबर्ग ही 1849 पासूनची कातडी कमावणारी पेढी. 1929 च्या सुमारास, मंदीच्या तोंडावर, ती चामड्याची सील करू लागली आणि 1936 मध्ये त्यांत कृत्रिम रबर आले. (हे गॅरेजात सांगितले की मिस्त्री हसतात.)

साखळीच्या जागी दातेरी पट्टा आला आणि सगळे उलटले. 1962 मध्ये जर्मनीच्या ग्लास 1004 गाडीत तो होता. 1966 मध्ये फियाटच्या लाम्प्रेदींनी दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनात तो घेतला. पट्टा स्वस्त आणि आवाजाला कमी, पण त्याला ऑइल सोसत नाही. कॅमशाफ्ट आत ऑइलात, पट्टा बाहेर कोरड्यात. मधल्या भिंतीतून शाफ्टचे टोक बाहेर काढायचे तर तिथे सील हवेच. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने ही रचना आपल्या गल्लीतल्या गॅरेजांत आणून ठेवली.

तिथे साखळीवर हात बसलेल्या मिस्त्र्यांची सवयच आड आली. पुशरॉडच्या इंजिनात कॅम घालायचा तर लोबना भरपूर वंगण लावायचे, बेअरिंगला ओरखडा न पाडता शाफ्ट सरळ आत सरकवायचा, साखळीच्या चाकांवरच्या खुणा जुळवायच्या. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालायचे नाहीत, ते जुन्या लोबवर झिजलेले असतात. हे सारे त्यांना तोंडपाठ होते. गळतीचे मात्र त्यांना काही वाटत नसे. थेंब जमिनीवर पडे, खाली पत्र्याचा डबा ठेवला की भागे. पट्ट्याच्या इंजिनात तोच थेंब पट्ट्यावर जातो, पट्टा भिजून फुगतो, एक दिवस तुटतो किंवा दाता सोडतो. काही इंजिनांत मग व्हॉल्व्ह थेट पिस्टनला धडकतात.

नव्वदच्या दशकात एका गॅरेजात उमेदवारी करताना मी असेच एक सील कोरडे ठोकले होते. ओठ दुमडला, आतली बारीक स्प्रिंग निसटली, आणि गाडी पट्टा तुटून दोरीने ओढत परत आली. उस्तादांनी मला रागावण्याऐवजी काढलेल्या शाफ्टवर नख फिरवायला लावले. जुन्या सीलच्या ओठाने तिथे बारीक खाच पाडली होती. नवे सील ते स्वतः बसवू लागले: ओठाला ऑइल, स्प्रिंगची बाजू आत, आणि पूर्वीपेक्षा मिलिमीटरभर अलीकडे, म्हणजे ओठाला झिजलेली खाच सोडून कोरी जागा मिळे.