बाटलीवर नाव हवेच

आमच्या कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. म्हणून ‘केमिकल’ म्हटले की बोट तिकडेच जाते. पण फोटोच्या हौसेने रसायने घरात केव्हाच आली. 1851 मध्ये आर्चर यांनी कलोडियनची पद्धत जाहीर केली. तिच्यात चित्र पक्के करायला पुष्कळजण जहाल पोटॅशियम सायनाइड वापरीत. पुढे सौम्य हायपो रुळला. दादरला फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाईही फिल्म धुवायला मदत करीत.

हायपो सौम्य असला, तरी डेव्हलपरमधले हायड्रोक्विनोन पोटात गेले तर विषारीच. ते तपकिरी बाटलीत, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवावे. पाण्याच्या बाटलीत कदापि नको. लाल दिव्यात दोन्ही सारखीच दिसतात. मी कवी, नाव न घेता सुचवणारा; पण मंडळी, बाटलीवर नाव हवेच!