करमणूक कराची चौऱ्याण्णव वर्षे : मराठी चित्रपट आणि शासनाने परत केलेला पैसा

१/
१९ फेब्रुवारी २०२५, शिवजयंती. 'छावा' प्रदर्शित होऊन पाच दिवस झाले होते. मध्य प्रदेश आणि गोवा या राज्यांनी तो करमुक्त केल्याचे जाहीर केले. साहजिकच प्रश्न आला : महाराष्ट्राचे काय? मुख्यमंत्र्यांचे उत्तर असे होते की महाराष्ट्राने करमणूक कर २०१७ मध्येच कायमचा रद्द केला आहे. माफ करायला तो आता उरलेलाच नाही. हे उत्तर नीट समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/
चित्रपटाच्या तिकिटावरील कर ही मूळची युद्धकाळातील कल्पना. पहिल्या महायुद्धाचा खर्च भागवण्यासाठी ब्रिटनने १९१६ मध्ये करमणूक शुल्क बसवले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर हिंदुस्थानातील प्रांतिक सरकारांना काही कर स्वतः बसवण्याची मुभा मिळाली, त्यांत करमणुकीवरील कर होता. बंगालने १९२२ मध्ये तो लागू केला. मुंबई इलाख्याचा 'बॉम्बे एंटरटेनमेंट्स ड्यूटी ॲक्ट' १९२३ चा.

३/
'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३ रोजी. म्हणजे देशी चित्रपट जेमतेम दहा वर्षांचा असताना त्याच्यावर कर आला. १९२७-२८ मध्ये दिवाणबहादूर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे दादासाहेब फाळक्यांची साक्ष झाली. या समितीने निर्मात्यांना कर्ज द्यावे, कच्च्या फिल्मवरील आयात शुल्क काढावे, अशा शिफारशी केल्या. सरकारने त्या बहुतांशी बासनात ठेवल्या. कर मात्र चालू राहिला.

४/
स्वातंत्र्यानंतर ओझे हलके होईल ही अपेक्षाही फोल ठरली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ६२ व्या नोंदीने करमणुकीवरील कर राज्यांकडेच राहिला आणि राज्यांनी तो वाढवत नेला. ३० जून १९४९ रोजी देशभरातील चित्रगृहांनी करांच्या निषेधार्थ एक दिवस पडदे बंद ठेवले. त्याच वर्षी स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. १९५१ च्या अहवालात तिने करमणूक कर देशभर एकसारखा आणि माफक असावा असे सुचवले. राज्यांनी ते मनावर घेतले नाही.

५/
या कराचे दर सर्वत्र सारखे नव्हते. महापालिका, नगरपालिका, ग्रामीण भाग असे क्षेत्रानुसार ते ठरत. जत्रेतल्या तंबूतील फिरत्या चित्रगृहांची आकारणी आणखी निराळी. पुण्याच्या कडेला असलेल्या धायरीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. गावाचा एक भाग १९९७ मध्ये महापालिकेत गेला, उरलेला ऑक्टोबर २०१७ पर्यंत ग्रामपंचायतीतच राहिला. हद्दीची अशी रेघ नकाशावर बारीक दिसते, पण पाणी, घरपट्टी आणि करमणूक यांचे हिशेब तिच्यावरच ठरत आले.

६/
मराठी चित्रपटाची अडचण दुहेरी होती. मुंबई ही हिंदी चित्रपटसृष्टीची राजधानी; त्यामुळे मराठी निर्मात्याची स्पर्धा त्याच्याच राज्यात, त्याच चित्रगृहांत, कितीतरी मोठ्या भांडवलाशी. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेली 'प्रभात' पन्नासच्या दशकात बंद पडली. तिच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरचे 'कोहिनूर' मिळवण्यासाठी शिवसेनेला मध्ये पडावे लागले, ही हकीकत तर सर्वश्रुत आहे.

७/
सत्तरच्या दशकाच्या मध्यावर महाराष्ट्र शासनाने एक वेगळी तोड काढली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला करमणूक कर निर्मात्याला परत द्यायचा, मात्र त्याने पुढचा मराठी चित्रपट पूर्ण केल्यावरच. कर प्रेक्षक भरणार, चित्रगृह तो तिजोरीत जमा करणार आणि तिजोरीतून तो निर्मात्याकडे वळणार. जणू निर्मात्याच्या नावे सक्तीने उघडलेले बचत खातेच!

८/
या योजनेचे बलस्थान उघड आहे. पैसा मराठी चित्रपटाचाच होता आणि मराठी चित्रपटातच परत जात होता. एका चित्रपटावर कमावून निर्मात्याने हिंदीची वाट धरू नये, याची तजवीज अटीतच होती. मरगळलेल्या मराठी निर्मितीला त्यानंतर पुन्हा धुगधुगी आली, आणि त्याचे मोठे श्रेय चित्रपटाचे इतिहासकार या परताव्याला देतात.

९/
पण अटीतच दोष होते. परतावा गल्ल्याच्या प्रमाणात मिळे. म्हणजे ज्याचा चित्रपट आधीच चालला त्याला अधिक, ज्याचा पडला त्याला नाममात्र आणि पहिलाच चित्रपट करणाऱ्याला काहीच नाही. शिवाय 'पुढचा चित्रपट पूर्ण करणे' एवढीच अट असली, की तो कसा आहे हे कोण पाहणार? परताव्यासाठी घाईने उरकलेल्या चित्रपटाला ही व्यवस्था अडवू शकत नव्हती.

१०/
याच काळात शासनाने जागाही दिली. सप्टेंबर १९७७ मध्ये चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि गोरेगावच्या डोंगरात चित्रनगरी उभी राहिली. २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचे नाव मिळाले. कोल्हापूरजवळ मोरेवाडीला दुसरी चित्रनगरी झाली. गोरेगावात हिंदीची गर्दी आणि मोरेवाडीत दीर्घकाळ शुकशुकाट, असे चित्र राहिले. ज्या गावाने मराठी बोलपटाला बाळसे दिले, त्या गावाची ही परवड अनेकांच्या जिव्हारी लागली.

११/
पुढे परताव्याची जागा थेट अनुदानाने घेतली. आता गल्ला पाहायचा नाही, दर्जा पाहायचा. शासनाची समिती चित्रपट पाहून गुण देते. 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख रुपये, असे दर गेल्या दशकात होते. नव्या निर्मात्याला दार उघडले, हा मोठा लाभ. पण पूर्वी प्रेक्षक जो निर्णय तिकीट काढून देत असे, तो आता समितीच्या खोलीत होऊ लागला.

१२/
करमाफीचा दुसरा प्रवाह मात्र चित्रपटाकडे न जाता इमारतीकडे गेला. २००१ मध्ये राज्याने बहुपडदा चित्रगृहांना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ केले आणि पुढील दोन वर्षे फक्त २५ टक्के आकारायचे ठरवले. प्रेक्षकाकडून शुल्क घेतले जाई, पण ते चित्रगृहाकडेच राही. त्यातून एक प्रश्न उद्भवला : चित्रगृहाकडे राहिलेली ही रक्कम उत्पन्न मानून तिच्यावर आयकर घ्यावा का?

१३/
या प्रश्नाचा निकाल पुण्याच्या खटल्यात लागला. 'सिटी प्राइड' चालवणारे चाफळकर बंधू विरुद्ध आयकर खाते. ७ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैसा कुठून आला हे गौण. तो कशासाठी दिला हे मुख्य. हेतू नवी चित्रगृहे बांधली जावीत हा होता, म्हणून ही रक्कम भांडवली ठरते आणि तिच्यावर आयकर लागत नाही. सिंहगड रस्त्याने धायरीहून शहरात येताना दिसणारी बहुपडदा संस्कृती कोणत्या धोरणातून घडली, याची ही कायदेशीर जन्मकुंडली होय.

१४/
निकाल आला तोवर मूळ कर इतिहासजमा झाला होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरला. शंभर रुपयांवरील तिकिटावर २८ टक्के, त्याखाली १८ टक्के. जानेवारी २०१९ पासून हे दर १८ आणि १२ झाले. हिंदी चित्रपटाला हा बदल फारसा जाचक नव्हता, कारण तो आधीच मोठा कर भरत होता. करमणूक करातून सूट असलेला मराठी चित्रपट मात्र एका रात्रीत करपात्र झाला.

१५/
आता राज्याच्या हाती उरला तो या करातील स्वतःचा निम्मा वाटा. जानेवारी २०२० मध्ये 'तान्हाजी' 'करमुक्त' झाला तो या अर्थाने : राज्याने आपला हिस्सा सोडला, केंद्राचा लागूच राहिला. म्हणजे २०२५ मधील 'आमच्याकडे करमणूक करच नाही' हे विधान खरे आहे, आणि तिकिटावर कर आहे हेही तितकेच खरे आहे.

१६/
जगात अशी सवलत साधारणपणे खर्चावर दिली जाते. अमेरिकेतील लुइझियाना किंवा जॉर्जिया राज्यात चित्रीकरण करा, तिथे केलेल्या खर्चाच्या प्रमाणात करातून वजावट मिळवा. चित्रपट कोणत्या भाषेत आहे याच्याशी कुणाला कर्तव्य नाही. भारत सरकारची परदेशी निर्मात्यांसाठीची योजनाही याच धर्तीची. महाराष्ट्राचा परतावा वेगळा होता. त्याने भूमीला नव्हे, भाषेला सवलत दिली.

१७/
चौऱ्याण्णव वर्षांच्या या हिशेबात पैसा प्रत्येक वेळी एकाच खिशातून निघाला : तिकीट काढणाऱ्याच्या. तो कधी तिजोरीत राहिला, कधी निर्मात्याकडे गेला, कधी चित्रगृहाच्या इमारतीत मुरला. म्हणून एखादा चित्रपट 'करमुक्त' झाल्याची बातमी येईल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारावेत. कोणता कर? आणि वाचलेला पैसा नेमका कोणाकडे राहिला?