कॅमेऱ्यांतला आरसा : आला कसा, गेला कसा

मुंबईहून मध्य रेल्वेच्या गाडीनें ठाण्याकडे जातांना भांडुप मागें पडलें कीं नाहूर लागतें. रुळांच्या पश्चिमेस दूरवर डोंगराची निळसर कड दिसते. पूर्वेस द्रुतगति महामार्ग ओलांडला कीं मिठागरें, त्यांच्यापलीकडे खारफुटीची हिरवी भिंत, आणि तिच्याही पलीकडे ठाण्याची खाडी. हिवाळ्यांत या खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मुक्काम ठोकून राहतात. खाडीच्या पश्चिम कांठाचा पट्टा २०१५ सालीं त्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व २०२२ सालीं रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. भांडुपच्या पंपिंग स्टेशनाजवळ पहांटे लांब भिंगांचे कॅमेरे खांद्यावर टाकून मंडळी जमतात तीं या पाहुण्यांसाठींच.

या मंडळींपैकीं पुष्कळांच्या हातीं आतां मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा असतो. कॅमेरा भारी, भिंग त्याहून भारी. तरीहि घरीं येऊन पहावें तों पक्षी चुन्याच्या फांसासारखा पांढरा फटक, पंखांच्या कडा पुसट, किंवा आकाश सुरेख आणि पक्षी मात्र कोळशाचा. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो व त्याहून महाग कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. या अडचणीचें उत्तर कारखान्याच्या माहितीपत्रकापेक्षां छायाचित्रणाच्या इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें; आणि त्या इतिहासाचा मोठा भाग याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई शहरांत, घडलेला आहे.

प्रथम आरसा म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून वर वळतो आणि तेथून डोळ्याकडे जातो. कळ दाबतांच आरसा उडून बाजूला होतो, प्रकाश मागील फिल्मवर पडतो, आणि तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्यें अंधार होतो. म्हणजे छायाचित्रकार सारें कांहीं पाहतो. ज्या क्षणाचें चित्र उतरतें तो क्षण मात्र त्याला दिसत नाहीं. ही सोय पुढें फार लोकप्रिय झाली हें खरें. पण तिच्या आधींचीं जवळजवळ शंभर वर्षें बहुतेक कसबी छायाचित्रकार निराळ्या रीतीनें पाहत असत. तिपाईवरच्या कॅमेऱ्याच्या मागें घासलेली काच असे. डोक्यावर काळें कापड ओढून घेतलें कीं भिंगानें पाडलेली प्रतिमा त्या काचेवर प्रत्यक्ष दिसे; उलटी, अंधुक, पण खरी. जें भिंग चित्र काढणार, त्याच भिंगानें काढलेलें चित्र आधीं डोळ्यांना दिसावें, ही छायाचित्रणाची मूळ चाल होय.

मुंबईंत ही विद्या लवकर आली. फ्रान्समध्यें दागेरची कृति १८३९ सालीं प्रसिद्ध झाली आणि सुमारें पंधरा वर्षांनीं, १८५४ च्या ऑक्टोबरांत, मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली. लंडनची अशी संस्था केवळ एक वर्ष आधींची. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी ज्या १८५३ सालीं आजच्या नाहूरच्या भूमीवरून धडधडत गेली, त्याच्या पुढच्याच वर्षाची ही गोष्ट. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, व तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढें मुंबईंतील पहिल्या धंदेवाईक हिंदी छायाचित्रकारांपैकीं एक ठरले. डॉ. भाऊ दाजी यांना या कलेचा नाद होता आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तर तिच्यांत निष्णात. जॉन्सन व हेंडरसन या दोघांनीं १८५६ ते १८५८ पर्यंत महिन्याच्या महिन्याला छायाचित्रांचा एक अंक काढला. प्रत्येक अंकांत तीन अस्सल छायाचित्रें चिकटवलेलीं असत.

हीं माणसें ज्या पद्धतीनें काम करीत ती ऐकली तर आजच्या छायाचित्रकाराला आपली तक्रार क्षुल्लक वाटेल. १८५१ सालीं आर्चर या इंग्रज गृहस्थानें काढलेली ओल्या काचेची ती पद्धत. काचेवर कोलोडियन ओतावयाचें, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत धांवत जाऊन तें उठवावयाचें. सारा खेळ सुमारें पंधरा मिनिटांचा. कोलोडियन ईथर आणि मद्यार्क यांत विरघळवलेलें असे, आणि ईथर तर ३५ अंशांच्या आसपासच उकळतो. मुंबईचा उन्हाळा या आंकड्याशीं सलगी करणारा! विलायतेच्या पुस्तकांत जी वेळ लिहिलेली असे ती येथें चालेना. काच आधींच वाळे, किंवा लेप फाटे. सूर्यहि निराळा. तेव्हां पुस्तकांतला आंकडा बाजूला ठेवून प्रत्येकाला आपल्या उन्हाचा हिशेब स्वतः बसवावा लागे.

त्या काचेला रंगांचीहि आवडनिवड होती. निळ्या-जांभळ्या प्रकाशाला ती फार जागी, हिरव्या-पिवळ्याला सुस्त, आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळें त्या काळच्या चित्रांत आकाश कोरें दिसतें आणि कपाळावरचें कुंकू काळें दिसतें. हळदीनें माखलेला चेहराहि गडद येई. डोळ्याला जें दिसतें तें काचेला दिसत नाहीं, ही पहिली गोष्ट त्या काळच्या विद्यार्थ्याला शिकावी लागे. आणि आजहि शिकावी लागते, मात्र निराळ्या कारणानें.

कळीचें शटर बहुधा नसेच. भिंगावरचें टोपण हातानें काढावयाचें, मनांत आंकडे मोजावयाचे आणि पुन्हां लावावयाचें. प्रकाश आंत किती यावा हें ठरवावयाला भिंगाच्या नळींत एक फट असे, व तिच्यांत वेगवेगळ्या आकाराच्या भोंकांच्या पितळी पट्ट्या घालतां येत. ही युक्ति वॉटरहाऊसनें १८५८ सालीं काढली. आजच्या भिंगावर २.८, ४, ५.६, ८, ११ असे जे आंकडे असतात ते या पट्ट्यांचेच वंशज. आंकडा एक पायरी वाढला कीं भोंक लहान होतें आणि प्रकाश निम्मा होतो. त्याबरोबर चित्रांत जवळचें व दूरचें दोन्ही रेखीव दिसूं लागतें. भोंक किती, वेळ किती, आणि पृष्ठ किती संवेदनशील, या तीनच गोष्टींवर चित्राचा उजेड ठरतो. डॉ. नारायण दाजींच्या काळीं पहिल्या दोन हातांत होत्या. तिसरी रसायनाच्या मर्जीवर. आजच्या कॅमेऱ्यांत ती तिसरी आय. एस. ओ. या नांवानें चाकावर येऊन बसली, एवढाच मोठा फरक.

हा हिशेब सर्वांत मोठ्या जोखमीनें कोणी मांडला असेल तर तो दादासाहेब फाळके यांनीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले, जे. जे. कलाशाळेंत आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले हे गृहस्थ छायाचित्रणांत आधींच मुरलेले होते. चलच्चित्रांच्या अभ्यासापायीं त्यांच्या डोळ्यांवर असा ताण पडला कीं कांहीं काळ दृष्टि जाण्याची वेळ आली होती. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारींत लंडनला गेले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परत आले. परंतु पैसे घालणाऱ्याला कॅमेऱ्याची पावती दाखवून काय उपयोग? त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर अढळ बसवला, आणि ठराविक वेळानें एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर तें रोप मिनिटाभरांत मातींतून वर येऊन वाढलें. पाहणाऱ्यांची खात्री पटली आणि कर्ज मिळालें.

या वाटाण्याच्या प्रयोगांत आजच्या माणसाला शिकण्यासारखें एक आहे. अशा कामांत भोंक, वेळ आणि उजेड जितके स्थिर ठेवाल तितकें चित्र नितळ. ते प्रत्येक चौकटीला बदलत राहिले तर पडद्यावर उजेड लुकलुकूं लागतो. आजहि फूल उमलण्याचें किंवा ढग सरकण्याचें चित्रण करतांना ज्यानें कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला त्याचें चित्र असेंच लुकलुकतें, आणि तो सॉफ्टवेअर शोधीत बसतो. पहिल्या चौकटीला चारी गोष्टी, म्हणजे भोंक, वेळ, आय. एस. ओ. आणि पांढऱ्या रंगाचा तोल, हातानें पक्क्या कराव्या, कीं काम झालें.

दादरच्या बंगल्यांत पुढें जो उद्योग चालला त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा वांटा मोठा. कच्च्या फिल्मच्या कडांना भोंकें पाडणें, रसायनें कालवणें, फिल्म धुणें, हें सारें त्या करीत. चित्रणाच्या वेळीं उन्हांत पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या चेहऱ्यावरच्या सावलींत उजेड परतून पडे. विजेच्या दिव्यांची सोय नव्हती. सूर्य आणि चादर हीच प्रकाशयोजना. कॅमेरा चालविणारे त्र्यंबक तेलंग यांनाहि फाळक्यांनींच शिकवून तयार केलें होतें. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो सुमारें ३,७०० फुटांचा चित्रपट या हिशेबावर उभा होता.

पुढचा इतिहास भराभर सरतो. १९२५ सालीं लायका निघाला आणि कॅमेरा खिशांत आला. १९३६ सालीं छोट्या फिल्मच्या एक्झॅक्टानें आरसा आंत बसवला. १९४९ च्या काँटॅक्सनें त्यावर पंचकोनी लोलक चढवून प्रतिमा सुलट केली. आपल्याकडे होमाई व्यारावाला या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई, जे. जे. च्या विद्यार्थिनी, स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स घेऊन आधीं मुंबईंत व १९४२ पासून दिल्लींत हिंडल्या. मग प्रकाशमापक कॅमेऱ्याच्या पोटांत गेला, फिल्म गेली, इलेक्ट्रॉनिक संवेदक आला. शेवटीं २००८ सालीं पॅनासोनिकनें आरसा काढून टाकला. २०१३ सालीं सोनीनें मोठ्या संवेदकाचा तसा कॅमेरा आणला, आणि २०१८ सालीं निकॉन व कॅनन यांनाहि त्या वाटेनें जावें लागलें.

आरसा गेल्यानें कॅमेरा हलका झाला असें जाहिराती सांगतात. तितकें महत्त्व त्या गोष्टीला नाहीं. लांब भिंग जोडलें कीं हलकेपणा संपतोच. खरा लाभ असा, कीं काळ्या कापडाखालची ती दृष्टि परत आली. संवेदकावर पडणारी प्रतिमाच आतां छोट्या पडद्यावर दिसते. सुलट, आणि ठरविलेल्या उजेडासह. चित्र पांढरें जाणार असेल तर कळ दाबण्यापूर्वींच तें पांढरें दिसतें. एल्फिन्स्टनच्या वर्गांतल्या मुलाला हें सुख काच धुतल्यावरच मिळे.

पण येथेंच मेख आहे. हा कॅमेरा उजेडाचा अंदाज करतो तो सरासरीनें. समोरचें सारें मिळून मध्यम करडें असावें असें धरून तो चालतो. नाहूरच्या खाडीवर तें गृहीत रोज खोटें पडतें. मोठा रोहित जवळजवळ पांढरा असतो. त्याच्यामागें खारफुटीची काळोखी असली तर कॅमेरा त्या काळोखाला उजळ करूं पाहतो आणि पक्ष्याच्या पिसांतला तपशील जळून जातो. तो पुढें कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. अशा वेळीं उजेडाच्या दुरुस्तीचें चाक उणे दोनतृतीयांश ते उणे एकपर्यंत फिरवावें. उलट पांढऱ्या आकाशापुढें थवा उडत असेल तर अधिक एक किंवा दीड लागतें. पडद्याच्या चकाकीवर विसंबूं नये, कारण भर उन्हांत तोहि फसवतो. ‘झेब्रा’ पट्टे किंवा हिस्टोग्राम चालू ठेवून पिसांवर पट्टे उमटणार नाहींत इतपत उजेड घ्यावा. चित्र ‘रॉ’ रूपांत ठेवलें तर थोडी चूक पुढें सांवरतां येते.

उडत्या पक्ष्याला सेकंदाचा २,००० वा भाग, चिखलांत चोंच घालून उभ्या असलेल्याला ५०० वा भाग पुरतो. कॅमेऱ्यांतली कंपनरोधक योजना हाताचा थरकांप थांबवते, पंखाची फडफड नव्हे. हें न कळल्यामुळें पुष्कळ चित्रें पुसट होतात. भोंक एका पक्ष्यासाठीं ५.६, थव्यासाठीं ८. त्यापुढें फार जाऊं नये, कारण अति लहान भोंकांतून प्रकाश पसरतो आणि रेखीवपणा उणावतो. उरलेला हिशेब आय. एस. ओ. वर सोडावा. पहांटे तो ३,२०० पर्यंत गेला तरी दाणेदार चित्र पुसट चित्राहून बरें. फोकस ‘कंटिन्युअस’वर ठेवून पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय चालू करावी. आवाज न करणारें इलेक्ट्रॉनिक शटर पक्ष्यांना बुजवीत नाहीं, पण कांहीं कॅमेऱ्यांत संवेदक ओळीओळीनें वाचला जातो व वेगाचा पंख वांकडा येतो. तेथें साधें शटरच बरें.

भिंग ४०० ते ६०० मिलिमीटरचें हवें असें सर्वजण सांगतात, आणि तें खरेंच आहे. मात्र ऊन तापलें कीं चिखलावरची हवा थरथरूं लागते आणि लाखभर रुपयांचें भिंगहि ओल्या कागदावरच्या शाईसारखें चित्र देतें. जॉन्सनच्या काळीं उष्मा काचेवरचा ईथर उडवीत असे. आतां तो मधली हवा ढवळतो. यावर चाक नाहीं. सूर्य वर येण्यापूर्वीं खाडीवर पोंचणें, आणि जवळ जातां येईल तितकें जाऊन लहान भिंगानें घेणें, एवढेच उपाय.

२०२४ सालीं कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची कांहीं जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठीं देण्याचें ठरलें. या मुलुखाचें रूप पुढें कसें होईल तें होवो; जॉन्सन आणि हेंडरसन यांच्या अंकांत १८५० नंतरची मुंबई जशी राहिली, तसें आजचें मिठागर ज्या चित्रांत राहील त्यांत आकाशाबरोबर बांधावरची मिठाची रास, खारफुटीची मुळें आणि मागची इमारतहि आली पाहिजे. त्यासाठीं ६०० मिलिमीटर उपयोगी नाहीं. २४ किंवा ३५ मिलिमीटरचें साधें भिंग, भोंक ८, आणि सकाळचें तिरपें ऊन लागतें. रोहित टिपणाऱ्यांच्या पिशवींत तें भिंग बहुधा असतें, पण बाहेर येत नाहीं.

जूनमध्यें बहुतेक थवे निघून जातात आणि पाऊस लागतो. मुंबईच्या दमट हवेंत कपाटांत बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. तिचे धागे काचेवरचा लेप खातात व ते डाग पुसून जात नाहींत. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या, त्या दमट झाल्या कीं तापवून पुन्हां वापराव्या, आणि भिंग पंधरा दिवसांनीं बाहेर काढून उजेडांत धरून पहावें.